माती ओली आहे तोवर

(मारेगाव येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्या गुरुजींनी मला मराठी शिकवलं. आठवीच्या वर्गात शुक्रवारच्या शेवटच्या तासाला ते लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ मोठ्यानं वाचून दाखवायचे. गुरुजी माळकरी. वर्गात ख्रिस्ती घरातली मी एकटी. पुस्तक वाचून संपलं त्या दिवशी त्यांनी मला थांबवून घेतलं आणि विचारलं, ‘हे पुस्तक तुमच्या घरी आहे का गं?’ नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःची प्रत माझ्या हातात ठेवली. ती आज इथं माझ्यासमोर आहे. पुठ्ठा दोनदा बदलून झालाय. विषय निवडायची मोकळीक तुम्ही दिलीत, तेव्हा मला दुसरं काही सुचलंच नाही. देव माणसाला घडवतो, असं आम्ही ख्रिस्ती लोक म्हणतो. त्या घडवण्यावर भरवसा ठेवायचा म्हणजे नेमकं काय करायचं, एवढंच आज बोलणार आहे.

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी नऊ वर्षांची होते. वडील ज्वारीच्या जागलीला शेतात झोपले होते. रात्री मण्यार चावली. चावल्याचं कळायलाच उशीर झाला, आणि बैलगाडी रस्त्याला लागेपर्यंत त्यांचा आवाज गेला होता. माती देऊन घरी परतलो. ओसरीवर बसलेल्या आप्तांपैकी एक जण माझ्या आईला म्हणाले, ‘रडू नको, देवानं तुला घडवायला घेतलंय.’ त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. पण आईनं मान वर केली नाही. ती उठली, आत गेली, आणि चूल पेटवायला बसली. काडी तीनदा विझली. तिसऱ्यांदा मी पाहिलं, काडी विझवत होता तो वारा नव्हता, तिचे हात कापत होते.

तेव्हापासून मला या वाक्याची भीती वाटते, आणि तरीही माझा त्यावर विश्वास आहे. या दोन गोष्टी एका मनात कशा राहतात?

या वाक्याचं मूळ यिर्मयाच्या पुस्तकात आहे. अठरावा अध्याय. यरुशलेम पडण्याआधीचा अस्वस्थ काळ. देव संदेष्ट्याला म्हणतो, ऊठ, कुंभाराच्या घरी जा, तिथं मी तुझ्याशी बोलेन. मंदिरात जा, डोंगरावर जा असं सांगितलं नाही. कामाच्या जागी पाठवलं. यिर्मया जातो तर कुंभार चाकावर बसलेला. हातातलं मडकं बिघडतं, आणि कुंभार त्याच मातीचं दुसरं मडकं करतो. पुष्कळ उपदेशांतून हा भाग ऐकला आहे, पण दोन गोष्टींवरून आपण घाईनं पुढे जातो असं मला वाटतं. एक म्हणजे हा दृष्टान्त एकट्यादुकट्या माणसाबद्दल नाही. देव तिथं इस्राएलच्या सबंध घराण्याशी बोलतो आहे, म्हणजे मंडळीशी. त्याच्याकडे मी शेवटी येईन. दुसरी गोष्ट लागलीच पुढच्या, एकोणिसाव्या अध्यायात आहे. तिथं यिर्मया भाजलेलं मडकं विकत घेतो, लोकांसमोर फोडतो, आणि हे आता पुन्हा सांधता येणार नाही असं सांगतो. दोन्ही मडकी एकाच तऱ्हेच्या मातीची. एक ओलं होतं, एक भाजून टणक झालेलं होतं, इतकाच फरक. बिघडलेलं मडकं देवाच्या हातात पुन्हा घडतं. टणक झालेल्याचं मात्र तसं होत नाही.

हे मला पुस्तकातून कळलं नाही, शेजारून कळलं. आमच्या घराला लागून कुंभाराचं घर होतं. घरधनी चाक फिरवायचा. थापटायचं काम मावशीकडे. तुम्हा तरुण मुलांनी कदाचित पाहिलं नसेल, म्हणून सांगते. मडकं चाकावरून उतरतं तेव्हा लहान आणि जाड असतं. आपण पाणी भरतो तो माठ चाकावर होतच नाही, तो नंतर थापटून होतो. मावशी मांडीवर ते जाड मडकं घ्यायची, राखेत बुडवलेला गुळगुळीत गोटा डाव्या हातात धरून तो हात आत घालायची, आणि उजव्या हातातल्या लाकडी थापटण्यानं बाहेरून मारायची. थप, थप, थप. थापटणं जिथं पडेल, आतला गोटा बरोबर तिथंच असायचा. तसा नसता तर मडक्याला भोकच पडलं असतं. थोडं थापटून मडकं सावलीत ठेवायचं, थोडं आवळू द्यायचं, परत घ्यायचं. दोन-दोन, तीन-तीन दिवस. आमच्या भागातली काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की उभी भेगाळते. कपाशीला ती सोन्यासारखी, पण नुसतीच घेतली तर मडक्याच्या कामाची नाही. मावशी तिच्यात राख, लीद, बारीक रेती कालवायची. मी एकदा विचारलं, चांगल्या मातीत घाण कशाला घालता? ती म्हणाली, ‘नुसती माती लय हट्टी असते पोरी, तडकून जाते.’

वडील गेले त्या महिन्यात ही मावशी रोज संध्याकाळी यायची. तोंडातून अक्षर काढायची नाही. आईच्या बाजूला बसायची, तांदूळ निवडायची, निघून जायची. ओसरीवरच्या आप्तांनी घडवण्याची भाषा वापरली. मावशी मात्र आत घातलेल्या हातासारखी होती. मंडळींनो, माझ्या आजच्या सगळ्या बोलण्याचा गाभा हाच आहे. ‘देव मला घडवतो आहे’ हे वाक्य प्रथमपुरुषी आहे. ते मी माझ्याबद्दल म्हणू शकते, तेही बहुधा वर्षं उलटल्यावर, मागं वळून. ‘देव तुला घडवतो आहे’ असं दुसऱ्याच्या ताज्या जखमेवर म्हणण्याचा अधिकार मला नाही. तिथं माझं काम आतून आधार देण्याचं.

हे मारेगावात बोलताना माझ्या मनात दुसरे पण चेहरे आहेत. २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्या सहांत आपला यवतमाळ होता. शेतकरी आत्महत्या झालेल्या ज्या घरांमुळे ते जाहीर करावं लागलं, त्यातल्या काही घरी मी गेले आहे. तिथल्या बाईला ‘यात देवाची योजना असेल’ असं सांगणारे लोक पाहिले आहेत. बियाण्याचा भाव, कापसाचा भाव, सावकाराचं व्याज, न आलेला पाऊस, या सगळ्याचं ओझं आपण देवाच्या नावावर टाकून मोकळे होतो. ही श्रद्धा नव्हे. माणसांनी केलेला अन्याय देवाच्या खात्यावर मांडायचा, आणि वर त्याला घडण म्हणायचं, हे यिर्मयानं ऐकून घेतलं नसतं. त्याचं सबंध पुस्तक अन्यायाला अन्याय म्हणण्यात गेलं आहे.

दुसऱ्याला थापटायचा अधिकार कुणाला, ही गोष्ट आपल्या मराठी मातीत गोरोबाकाकांच्या आख्यायिकेत आहे, आणि ती सांगताना मला परकं काही सांगते आहे असं वाटत नाही. तेरला संतमेळा जमला. मुक्ताबाईनं थापटणं पाहिलं, हे कशासाठी म्हणून विचारलं, आणि गोरोबांनी एकेकाच्या डोक्यावर थापटून मडकी कच्ची की पक्की ते पाहिलं. नामदेव चिडले, तर ते कच्चे ठरले. पुढे त्यांना गुरू म्हणून विसोबा खेचर भेटले. ही गोष्ट सांगताना आपण हसतो, पण ते थापटणं कुणाच्या हातात होतं ते विसरतो. भजनाच्या तंद्रीत ज्याच्या पायाखाली मातीसोबत स्वतःचं लेकरू तुडवलं गेलं, तो हा कुंभार. आख्यायिकेनं परीक्षेचा अधिकार अशा माणसाला दिला आहे, ज्याची स्वतःची माती रक्तानं भिजली होती.

आता टिळकांकडे येते. १८९३ साल. लक्ष्मीबाईंचे यजमान, कवी नारायण वामन टिळक नागपूरकडून राजनांदगावला नोकरीसाठी निघाले होते. डब्यात एक गोरा प्रवासी भेटला. बोलणं झालं, कवितेवर झालं, धर्मावर झालं. उतरताना त्यानं टिळकांना नवा करार दिला, वाचा म्हणाला, आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असंही म्हणाला. त्या प्रवाशाचं नाव अर्नेस्ट वॉर्ड, फ्री मेथडिस्ट मिशनचे. ज्या मिशननं पुढे आपल्या यवतमाळ जिल्ह्यात, वणीत, उमरीत काम केलं, तेच हे मिशन. यवतमाळच्या ज्या युनियन बिब्लिकल सेमिनरीत १९५३ पासून देशभरातले विद्यार्थी शिकले आणि जी १९८३ मध्ये पुण्याला गेली, तिच्या उभारणीतही याच मिशनचा हात होता. म्हणजे मराठी ख्रिस्ती कवितेचा उगम शोधत गेलो तर त्याचा एक झरा आपल्याच अंगणातून जातो. वॉर्डसाहेबांनी टिळकांना घडवलं नाही. त्यांनी एका आगगाडीत एक पुस्तक दिलं आणि ते आपल्या वाटेनं गेले. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला.

इथपर्यंतची गोष्ट साक्षीच्या सभेत सांगायला सोपी आहे. पण त्याच दिवशी दुसऱ्या एका घरावर आभाळ कोसळलं. लक्ष्मीबाई माहेरच्या माणसांत होत्या. पदरात लहान दत्तू. नवरा बाटला ही बातमी त्यांना इतरांकडून कळली. पुढची चार-पाच वर्षं त्यांनी बहीण भिकूताईच्या आधारानं पंढरपुरात काढली. विठोबाच्या दारात, नवरा जिवंत असताना टाकलेली बाई म्हणून. त्या काळात त्या आजारी पडल्या, मनानं खचल्या.

याला मी देवाची घडण म्हणू का? नाही. बायकोला विश्वासात न घेता टिळकांनी जे केलं ते चूक होतं, असं मी या व्यासपीठावरून, टिळकांबद्दल मनात पूर्ण आदर ठेवून म्हणते. ख्रिस्ताकडे जाण्यासाठी बायकोला अंधारात ठेवावं लागतं, असं शुभवर्तमानात कुठं नाही. देवाला लक्ष्मीबाईंचं ते दुःख हवं होतं असं मी मानत नाही. पण त्या दुःखात देवानं त्यांना सोडलं नाही, हे मी मानते, आणि त्याला पुरावा म्हणून मला त्यांचं पुस्तकच दाखवावं लागतं.

त्या पुस्तकाची सुरुवात आठवा. सत्तावन्नच्या बंडानंतर आजोबांना फाशी झाली, आणि त्या धक्क्यानं वडिलांच्या डोक्यात सोवळं शिरलं. बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही. मुली त्या पाण्यात, त्या धाकात वाढल्या. अशा घरातली मनकर्णिका, म्हणजे पुढच्या लक्ष्मीबाई. शाळा नाही, अकराव्या वर्षी लग्न. अक्षरओळख काय ती नवऱ्यानं करून दिलेली. अहमदनगरला नवऱ्याकडे परत आल्यावरही तिनं आपली चूल आणि आपलं पाणी वेगळं ठेवलं. आणि मग एक दिवस असा आला, की कुणीही न सांगता ती स्वतःशीच वाद घालायला बसली. ही उच्चनीचता केली कुणी, देवानं की माणसांनी? त्या एका विचारानं बापाच्या घरातून आणलेलं सगळं सोवळं तिनं खाली ठेवलं. यापुढे कुणाच्याही हातचं पाणी पिईन म्हणाली, आणि प्यायली. लक्षात घ्या, बाप्तिस्मा त्यानंतर झाला, १९०० मध्ये. माती आधी मऊ झाली.

या बाईच्या घरात पुढे अनाथ मुलं वाढली. बालकवी ठोंबरे त्याच घरात राहिले, त्याच ताटात जेवले. टिळकांनी हाती घेतलेलं ‘ख्रिस्तायन’ दहा-अकरा अध्यायांवर थांबलं. ९ मे १९१९ ला ते गेले. पुढचे साठाहून जास्त अध्याय लिहिले ते लक्ष्मीबाईंनी. ज्या ख्रिस्तापायी नवरा सोडून गेला होता, त्या ख्रिस्ताचं चरित्र नवऱ्यामागं तिनं ओवीत पूर्ण करत आणलं. १९३६ मध्ये त्याही गेल्या.

‘स्मृतिचित्रे’ मी आजवर किती वेळा वाचलं ते मोजलेलं नाही. दर वेळी एका गोष्टीनं थक्क होते. इतकं सोसलेली ही बाई वाचकापुढे आपलं दुःख मिरवत नाही आणि देवाची योजनाही समजावून सांगत बसत नाही. घडलं तसं सांगते. स्वतःच्या चुका सांगते, नवऱ्याचा संतापीपणा सांगते, त्याचं मोठं मनही सांगते, आणि मधेच असं हसवते की डोळ्यांतलं पाणी तिथंच थांबतं. ज्याच्यावर भरवसा आहे त्याची वकिली करावी लागत नाही, हे मला तिच्याकडून कळलं.

पंडिता रमाबाईंचं एकच सांगते, कारण तो स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे. रमाबाईंचे आईवडील दुष्काळात अन्नावाचून गेले, रमाबाईंनी ते डोळ्यांदेखत पाहिलं. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा त्या पुण्याकडून इकडे आल्या आणि भुकेनं मरायला टेकलेल्या मुलींना आपल्याबरोबर घेऊन गेल्या. पुढे केडगावचं मुक्ती मिशन त्यातूनच वाढलं. उपाशी मुलीचे डोळे कसे दिसतात हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. आईबाप मरावेत म्हणून देवानं दुष्काळ पाठवला असं म्हणायला माझी जीभ उचलणार नाही. पण त्या भुकेचं देवानं जे केलं ते केडगावला जाऊन आजही पाहता येतं.

आता मंडळीबद्दल. सुरुवातीला म्हटलं तसं, यिर्मयाच्या कुंभाराच्या हातात सबंध घराणं आहे. आपल्या विदर्भातल्या मंडळ्या तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या आहेत. पणजोबांनी सोसलं, आपल्याला चर्चची इमारत, नाव आणि जागा आयती मिळाली. आपण भाजलेलं मडकं तर झालो नाही ना, हे आपण एकमेकांना विचारायला हवं. लग्नं जुळवताना आपण अजून जुनी जात विचारतो. कोलामाच्या पोडावरून आलेलं कुटुंब उपासनेला बसलं तर त्यांच्या बाकावर जागा शिल्लक राहते. हे मी ऐकीव सांगत नाही, माझ्या स्वतःच्या मंडळीत पाहिलं आहे, आणि त्या बाकावर मीसुद्धा कितीतरी रविवार जाऊन बसले नाही. लक्ष्मीबाईंनी सव्वाशे वर्षांपूर्वी एका दिवसात जे खाली ठेवलं, ते आपण बाप्तिस्म्याचं पाणी अंगावर असूनही धरून आहोत. देवाच्या घडवण्यावर भरवसा आहे असं म्हणायचं आणि तो हात जिथं लागेल तिथं मात्र टणक व्हायचं, असं चालत नाही. मावशी माती कालवायची ती आठवा. आपल्याला नको वाटणारी माणसं आपल्यात कालवली जातात, तेव्हाच मंडळी तडकत नाही.

माझी आई ऐंशीच्या पुढे जगली. मिशनच्या दवाखान्यात तिनं आयाचं काम केलं, आम्हा तिघांना शिकवलं. म्हातारपणी एकदा साक्षीच्या सभेत ती उभी राहिली. मला वाटलं, आता ती वडिलांबद्दल बोलेल, देवानं कसं घडवलं ते सांगेल. ती बोलली ते कुंभार मावशीबद्दल. मावशी तेव्हा नुकतीच वारली होती.

उन्हाळ्यातली गोष्ट सांगितली तिनं. वैशाख. रात्रपाळी करून आई दोनच्या सुमाराला घरी यायची. गावात सगळीकडे अंधार, एका कुंभाराच्या अंगणात कंदील. थापटायला ठेवलेली मडकी ओल्या पोत्याखाली झाकलेली, आणि मावशी वाकून त्या पोत्यांवर पाणी शिंपडत असायची. आईनं विचारलं, ‘झोपली नाहीस का अजून?’

‘लय तपन हाये बाई,’ मावशी म्हणाली. ‘रातच्याले उठून पाहावं लागते. नाही तं माती सुकून जाईन.’

आणि तांब्यात उरलेलं पाणी तिनं आईच्या पुढे केलं. आई ते तिथंच उभ्यानं प्यायली.